जादा कूलर बसवला, तरी घाटात गिअरबॉक्स तापतोच?

माझी पिकअप ऑटोमॅटिक आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डावा पाय क्लचला नको म्हणायला लागला, म्हणून सेकंडहँड बघून घेतली. धंदा बोअरच्या मोटारींचा. हौद्यात दोन-तीन सबमर्सिबल, केबलची भेंडोळी, चेनपुली, तिकाटणं असा ऐवज कायम पडलेला असतो. नाशिकहून दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाणा असं फिरणं, म्हणजे आठवड्यातून तीनदा तरी घाट ठरलेलाच.

दुखणं असं होतं. एप्रिलच्या दुपारी नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे चढताना अर्ध्याच्या पुढे गेलं की गिअरबॉक्सच्या तेलाचा दिवा लागायचा. इंजिनचा काटा मात्र जागच्या जागी. गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलं की दिवा जायचा. हायवेला ओझर-पिंपळगावकडे ताशी ऐंशीनं कितीही पळवा, काही नाही. म्हणून ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल निववणारा, जादा कूलर बसवून घेतला. दिवा गेला, महिन्याभरात परत आला. दुरुस्त केलं, गेला, पावसाळा संपल्यावर पुन्हा आला. असं तीनदा झालं. चौथ्यांदाही झालं, पण ते शेवटी सांगतो, कारण तो दोष कोणाच्या माथी मारता येत नाही.

कूलर लावूनही तापतंय अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कूलर म्हणजे नुसती जाळी. तिच्यात तेल कुठून येतं, किती येतं आणि तिच्यातून हवा जाते का, यावर सगळं आहे. माझ्या गाडीत हे तिन्ही चुकलेलं होतं आणि एका वेळी एकच चूक सापडत गेली.

उष्णता येते कुठून

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनकडचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलानं गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोन्ही पंख्यांच्या वेगात फरक पडला की तेवढी ताकद तेल घुसळण्यात जाते. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर मोटार चालू आणि वर व्हॉल्व्ह बंद, अशी अवस्था. पाणी वर येत नाही, पंपातल्या पंपात घुसळून तापत राहतं. मोटार किती चांगल्या कंपनीची आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

वेग धरला की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, घसर थांबते आणि उष्णताही थांबते. म्हणून हायवेला दिवा लागत नाही. गडाच्या वळणांवर पंधरा-वीसच्या वेगानं, दर वळणाला ब्रेक आणि लगेच रेस, असं चालवताना लॉक-अप लागतच नाही. समोर एसटी असेल तर विचारूच नका. त्यात ऊन आणि मागे वजन. तेलाला निवायला उसंत मिळत नाही.

तेल ८० ते ९५ अंशांत असेल तर निवांत राहा. ११० च्या वर रोज जात असेल तर तेल लवकर म्हातारं होतं. १२० च्या पुढे सतत राहिलं तर सील कडक व्हायला लागतात, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांवर परिणाम होतो. मिस्तरी लोकांचा जुना ठोकताळा आहे की दर दहा-अकरा अंश वाढीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. हिशेब अगदी तंतोतंत नसेल, पण दिशा बरोबर आहे.

आधी आकडा, मग पाना

मी पहिली चूक केली ती दिव्यावर विसंबण्याची. दिवा लागतो तेव्हा तेल आधीच उकडलेलं असतं, आणि दिवा गेला म्हणजे तेल बरं झालं असंही नाही. भाच्यानं ओबीडीत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटात, लावायचा छोटा स्कॅनर आणून मोबाइलला जोडला आणि म्हणाला, "मामा, दिवा काय बघता, आकडा बघा." साध्या ॲपमध्ये इंजिनच्या पाण्याचं तापमान लगेच दिसतं. गिअरबॉक्सच्या तेलाचं दिसायला त्या गाडीचे खास कोड टाकावे लागतात. ते एकदा शोधून टाकले की कायमची सोय होते.

गडावर पोचताना तेल ११८ आणि इंजिनचं पाणी ९४. या दोन आकड्यांनीच निम्मं निदान झालं. दोन्ही बरोबरीनं चढत असतील तर दुखणं रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट किंवा पाण्याच्या पंपात आहे. गिअरबॉक्सचा कूलर लावून काहीच होणार नाही. तेल एकटंच चढत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

दुसरं साधन तापमान मोजायची इन्फ्रारेड गन. इथे एक गंमत आहे. ॲल्युमिनियमच्या चकचकीत पाइपवर गन धरली की ती हमखास कमी आकडा दाखवते. मला तेलाच्या पाइपवर ५२ दिसले आणि मी खूश झालो. मग त्याच जागी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून पाहिलं तर ८९! चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर फेकत नाही, समोरच्याची परावर्तित करतो, म्हणून गन फसते. कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही पाइपांना टेपचे दोन-दोन वेढे द्या आणि मापं टेपवरच घ्या. माझ्या गाडीत ते वेढे अजून तसेच आहेत.

तेल काढून बघायचं असेल तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी होऊन करपल्यासारखा वास येत असेल तर आधी तेल बदला. काळं असेल आणि बोटात चुरा लागत असेल तर कूलरचा विचार सोडा, आतल्या प्लेटा झिजल्या आहेत. आणि गुलाबी, दुधाळ, पीयूषात रूह अफजा ओतल्यासारखं दिसलं तर गाडी पुन्हा सुरूच करू नका. रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून पाणी तेलात शिरलेलं असतं. आतल्या प्लेटांचं अस्तर पाण्यानं सुटतं.

पहिल्यांदा परत आला: जोडणीचा क्रम

बहुतेक गाड्यांत कंपनीचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. गिअरबॉक्समधून गरम तेल निघतं, त्या टाकीतल्या नळीतून फिरतं, पाणी त्याची उष्णता घेतं, तेल परत जातं. काही गाड्यांत हाच कूलर गिअरबॉक्सच्या अंगालाच चिकटवलेला असतो. जादा कूलर याच वाटेत कुठेतरी जोडायचा असतो. कुठे, हाच सगळा प्रश्न आहे.

माझ्याकडे ज्यानं बसवला त्यानं जो पाइप हाताला जवळ पडला तो कापला. तो होता गिअरबॉक्सकडून येणारा. म्हणजे तेल आधी नव्या कूलरमध्ये, मग रेडिएटरमध्ये, मग घरी. घाटात काय झालं बघा. तेल ११० ला आलं, कूलरनं ते ऐंशीपर्यंत उतरवलं, आणि मग ते नव्वदीच्या पाण्यातून फिरून पुन्हा तापून गिअरबॉक्समध्ये गेलं. आंघोळ करून बाहेर यायचं आणि परत भट्टीशेजारी बसायचं. गडावरचा आकडा ११८ वरून ११३ झाला, एवढाच काय तो फायदा. दिवा महिनाभर गप्प राहिला तो गाडी रिकामी फिरत होती म्हणून. दोन मोटारी टाकल्या आणि आला.

योग्य क्रम असा: गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग जादा कूलर, मग परत गिअरबॉक्स. मोठी उष्णता पाणी घेतं, उरलेली हवा घेते. एक फायदा आणखी. सकाळी गार गाडीत रेडिएटरचं पाणी तेलाला लवकर ऊब देतं.

कुठला पाइप रेडिएटरकडे जाणारा आणि कुठला परतीचा हे अंदाजानं ठरवू नका, आणि "सगळ्या गाड्यांत वरचाच असतो" म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका. गाडी चांगली तापवून आणा, कारण बऱ्याच नव्या गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह असतो आणि तेल गार असताना ते कूलरकडे सोडतच नाही. मग रेडिएटरच्या दोन्ही तोंडांजवळच्या पाइपांवर टेप लावून गन धरा. जास्त गरम तो जाणारा, कमी गरम तो परतीचा. परतीचा पाइप कापायचा. शंका राहिली तर रेडिएटरकडून परतीची जोडणी सोडून दोन्ही तोंडांना नळ्या लावा, नळ्या मापाच्या कॅनमध्ये धरा आणि दुसऱ्याला इंजिन चालू करायला सांगा. ज्या तोंडातून तेल येईल ते बघा आणि लगेच बंद करा. याच वेळी प्रवाहही कळतो. इंजिन आयडलला असताना अर्ध्या मिनिटात साधारण लिटरभर तरी यायला हवं. नुसतं ठिबकत असेल तर वाटेत कुठेतरी तुंबलंय किंवा नळी दुमडली आहे. काढलेलं तेल मोजून ठेवा, तेवढंच नवं भरायचं असतं.

क्रम बदलल्यावर त्याच घाटात, तेवढ्याच वजनावर आकडा १०४ झाला. नऊ अंश फक्त नळ्यांची अदलाबदल करून उतरले, एक रुपयाचा नवा पार्ट न लागता. मिस्तरी म्हणाला, "शेठ, कूलर तोच आहे, तेल तेच आहे." त्याला माझा हिशेब पटला की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्यांदा परत आला: नळी आणि लेव्हल

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी आई अंगणात रांगोळी काढायला बसली आणि तिथूनच ओरडली, "अरे, इथे कुंकू कोणी सांडलं?" जाऊन बघतो तर गाडीच्या नाकाखाली फरशीवर लाल थेंब. बोट लावलं तर चिकट. ट्रान्समिशन ऑइल!

पुढची जाळी काढली. नळी हातात धरली तर ओल्या चपलेच्या पट्ट्यासारखी मऊ आणि फुगलेली. क्लॅम्प जागेवर होता, पण नळीच वितळल्यासारखी होऊन त्याच्या खाचांतून बाहेर आली होती. ती इंजिनच्या पाण्याची, हीटरची नळी होती. दिसायला जाड, काळी, मजबूत. पाणी आणि वाफ मजेत सोसते. पण त्या नळ्या ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात आणि त्या रबराचं खनिज तेलाशी वैर आहे. तेल पिऊन ते फुगतं आणि मऊ पडतं. पेट्रोलची नळीही इथे चालत नाही, कारण तिला एवढ्या तापमानाची सवय नसते. दुकानात "ट्रान्समिशन ऑइल कूलरची नळी द्या" असंच स्पष्ट सांगा. नळीवर एसएई जे१५३२ असं (या नळ्यांचं मानक) छापलेलं असलं की प्रश्नच मिटला. अंबडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवून देतात, तिथून तेलाला आणि तापमानाला चालणारी नळी दोन्ही टोकांना फिटिंग दाबून करून घेता येते. ट्रॅक्टरवाल्यांना हे नवीन नाही.

नळीइतकंच महत्त्व तिच्याखालच्या पाइपाच्या टोकाला आहे. मूळ पाइप हॅक्सॉनं कापून सरळ त्यावर नळी चढवली आणि क्लॅम्प आवळला, तर दाबानं नळी एक दिवस सरकणारच. कापलेल्या टोकाला फ्लेअरिंगच्या हत्यारानं उभार काढून घ्या, म्हणजे क्लॅम्पच्या मागे नळीला अडायला जागा होते. हॅक्सॉचा बुरा पाइपात गेला तर तो थेट गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हबॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या भागात, जातो, म्हणून पाइप कापायला छोटा चाकाचा कटर वापरा. आणि नळी बॉडीच्या पत्र्याला घासत असेल तिथे जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून म्यान घाला. आमच्याकडे बोअरच्या केबलला जिथे केसिंगची कड लागते तिथे हेच करतो.

नळी बदलली, गळती थांबली. तेल किती भरायचं? इथे मी सगळ्यात जास्त घोळ घातला.

बऱ्याच सहा गिअरच्या बॉक्सना डिपस्टिक नसते. खाली चेंबरला, म्हणजे तेलाच्या तळटाकीला, एक ओव्हरफ्लोचा प्लग असतो. गाडी सपाटीवर, इंजिन आयडलवर, प्लग खोलायचा. तेल धारेनं आलं तर जास्त आहे, थेंब-थेंब आलं तर बरोबर, काहीच नाही आलं तर कमी. ऐकायला सोपं आहे. पण हे एका ठरावीक तापमानालाच करायचं असतं. ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत चाळीसच्या आगेमागे. आम्ही गाडी पेठ रोडवरून फिरवून आणली आणि तेल ऐंशीवर असतानाच प्लग खोलला. धार आली. "भरपूर आहे शेठ," म्हणत ती थेंबांवर येईपर्यंत वाहू दिली.

आता हिशेब बघा. तेल तापलं की फुगतं. गिअरबॉक्समध्ये नऊ लिटर तेल असेल आणि ते चाळीस अंश जास्त गरम असेल, तर ते पाव लिटरच्या थोडं वर फुगतं. म्हणजे आम्ही "जादा" म्हणून पाव लिटर चांगलं तेल बाहेर सोडलं. शिवाय नव्या कूलरचं आणि नळ्यांचं पोट धरलंच नव्हतं. १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत दर मीटरला जवळपास ७८ मिलिलिटर तेल मावतं. माझ्याकडे तीन मीटर नळी, म्हणजे सव्वादोनशेच्या वर तिथेच. कूलरची जाळी वेगळी.

त्याचा परिणाम दिव्याच्या आधी वळणावर दिसला. चाचणी घेतली ती दिवाळीनंतर. घाटातल्या डाव्या हेअरपिन वळणावर गाडी वळवली की आरपीएम एकदम उसळायचा, ओढ मात्र जायची. एक-दोन सेकंदांनी झटका देऊन पकडायची. वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला जातं, शोषणाऱ्या जाळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. आमच्या भाषेत मोटार ड्राय रन, म्हणजे पाण्यावाचून कोरडी फिरणं. हवेनं तेलाला फेस येतो, फेसाळ तेल ना दाब धरतं ना उष्णता नेतं. आकडा पुन्हा १११.

म्हणून जादा कूलर बसवल्यावर लेव्हल कशी बघायची ते जरा सविस्तर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी काढलेलं तेल अधिक कूलर आणि नळ्यांचं पोट, एवढं मोजून भरा. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल चांगलं तापवा, म्हणजे थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह उघडेल आणि नवा कूलर तेलानं भरेल. ही पायरी गाळली तर गार गाडीत लेव्हल बरोबर दिसते, आणि पहिल्याच घाटात व्हॉल्व्ह उघडला की कूलर अर्धा लिटर तेल आपल्या पोटात घेतो. तापवून झाल्यावर गाडी उभी करून निवू द्या, शक्यतो रात्रभर. सकाळी सपाट जागी सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून पार्कला आणा, स्कॅनरवर तापमान बघत बसा, आणि मॅन्युअलातला आकडा आला की प्लग खोला. गाडीखाली जाताना चारही चाकं सारख्या उंचीवर, स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जात असेल तर त्याला बाहेर ओढा.

तेल मात्र त्या गिअरबॉक्सला सांगितलेलंच. "सगळ्या ऑटोमॅटिकला एकच चालतं" हे खरं नाही. लॉक-अप क्लचची पकड तेलातल्या मिश्रणावर ठरते आणि तेल चुकलं तर पन्नास-साठच्या वेगाला रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर सुरू होते.

यानंतर आकडा १०१. वळणावरचा झटका गेला.

तिसऱ्यांदा परत आला: कांद्याची टरफलं

पुढचा एप्रिल. काही बदललेलं नाही, गळती नाही, लेव्हल बरोबर, तरी आकडा १०८ आणि एसीही गरम हवा फेकायला लागला. हा एसी महत्त्वाचा साक्षीदार निघाला. जादा कूलर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसतो, कंडेन्सरच्या मागे रेडिएटर. तिघांनाही हवा एकच. तेल आणि एसी एकदम रुसले म्हणजे हवेचीच भानगड.

वरून टॉर्च मारून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बघितलं. सोनेरी पापुद्रे थरावर थर! निफाड आणि लासलगाव भागात उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या दिवसांत मी मोटारी बसवत होतो, गाडी दिवसभर चाळीच्या कडेला. फॅननं आजूबाजूची सगळी टरफलं ओढून घेतली होती. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती, म्हणून दोनदा सर्व्हिसिंग होऊनही कोणाच्या लक्षात आलं नाही.

वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं हे धुऊ नका. पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि कायमच्या बंद होतात. रेडिएटरचे वरचे बोल्ट काढून तो थोडा मागे ओढला, पापुद्रे हातानं आणि रंगाच्या ब्रशनं काढले, मग बागेच्या साध्या पाइपनं इंजिनच्या बाजूकडून बाहेर असं पाणी मारलं. घाण ज्या बाजूनं आली त्याच बाजूनं परत घालवायची. निघालेली टरफलं अर्धं घमेलं भरून!

हवेबद्दल आणखी दोन गोष्टी. कूलर कंडेन्सरला टेकवून, पट्ट्यांमधून प्लॅस्टिकचे टाय ओवून बसवायची पद्धत आहे. स्वस्त आणि झटपट, पण खडीच्या रस्त्यावर दोन्ही जाळ्या एकमेकींना घासतात आणि वर्षभरात एकीला भोक पडतं. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून बॉडीला बसवा, मध्ये बोटाएवढी फट ठेवा आणि कडेनं फोम लावा, म्हणजे हवा बाजूनं निसटणार नाही. नळ्यांची तोंडं खाली येतील असा कूलर टांगू नका, आत हवा अडकून राहते. घेताना प्लेटांचा थर असलेला घ्या, नळीला पंख लावलेल्या जुन्या पद्धतीपेक्षा तो तेवढ्याच जागेत जास्त उष्णता काढतो.

आणि पुढच्या ग्रीलवर एलईडीची पट्टी, स्टिकर लावलेला पत्रा, बुलबार असलं काही असेल तर काढा. बुलबार तसाही नियमात बसत नाही, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

घाटात गाडीच्या वेगाची हवा नसतेच, सगळी मदार फॅनवर. इंजिनवरचा फॅन व्हिस्कस क्लचचा, म्हणजे तापल्यावर घट्ट पकडणारा, असेल तर गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, फॅन हातानं फिरवून बघा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगर फिरला तर क्लच गेला. माझा अर्धवट गेला होता. तो बदलल्यावर त्याच घाटात, त्याच वजनावर आकडा ९६ वर थांबला.

चालवण्याचाही भाग आहे, तो थोडक्यात. चढावर लिव्हर मॅन्युअलवर टाकून एक गिअर खाली ठेवा. इंजिन ओरडेल, पण कन्व्हर्टरमधली घसर कमी होईल. चढावर थांबावं लागलं तर रेस देऊन गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. लांब थांबायचं असेल तर हँडब्रेक आणि न्यूट्रल. कसाऱ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे अडकलं की ही सवय सर्वात जास्त उपयोगी पडते. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईहून परत येताना मी शक्य तेव्हा तिकडून येतो, पण माल कसारा-शहापूरला द्यायचा असेल तर जुना घाट चुकत नाही. उतारावर मात्र न्यूट्रल कधीच नाही.

एवढं सगळं करूनही आकडा ११० च्या खाली येत नसेल तर स्कॅनरवर लॉक-अपची स्थिती बघा. सपाट रस्त्याला साठ-सत्तरच्या वेगानं पाय स्थिर ठेवून चालवताना तो लागायला हवा. ॲक्सिलरेटर किंचित दाबला-सोडला तरी आरपीएम उड्या मारत असेल तर लॉक-अप लागत नाही. तो सोलेनॉइडचा (लॉक-अप लावणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) किंवा कन्व्हर्टरचाच दोष. तिथून पुढे ऑटोमॅटिक खोलणाऱ्या माणसाकडे जा.

चौथ्यांदा

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे तापमान पाच-सहा अंशांवर येतं. त्या दिवसांत पहाटे निघालो की तेल वीस किलोमीटर गेलं तरी साठच्या वर जाईना, गिअर जड पडायचे. ज्या गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह नसतो किंवा माझ्यासारखा उघडाच अडकलेला असतो, तिथे जादा कूलर थंडीत गरजेपेक्षा जास्त काम करतो. व्हॉल्व्ह बदलेपर्यंत सोपा उपाय म्हणून द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कूलरच्या पुढे, ग्रीलच्या आत बसवला. छान बसला. तेल पंधरा मिनिटांत सत्तरीला.

मार्चच्या शेवटी गडाच्या घाटात दिवा लागला. नळी बघितली, लेव्हल बघितली, फॅन फिरवला, टॉर्च घेऊन टरफलं शोधली, भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तो पुठ्ठा काढला का?"